पोर्तुगालमध्ये सरकार सारखं पडतं तरी अर्थव्यवस्था चांगली म्हणतात, नक्की परिस्थिती काय आहे?

सिंधुदुर्ग_८४

नमस्कार मंडळी. माझा मामेभाऊ मूळ पेडण्याचा, आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा त्यामुळे घरात सगळ्यांची पोर्तुगीज नागरिकत्वाची कागदपत्रं झालीत. याच्या आधीची गावातली पोरं तो पासपोर्ट घेऊन थेट इंग्लंड गाठायची, स्विंडनला तर अर्धा गोवा आहे म्हणतात, पण ब्रेक्झिटनंतर ते बंद झालं आणि आता हा म्हणतोय की मी लिस्बनलाच जातो, हॉटेल लाईनचा अनुभव आहे, काम मिळेल. मामी जाम घाबरलीय. बातम्यांत बघावं तर तिथे निवडणुकांवर निवडणुका चालू, सरकार टिकतच नाही, आणि दुसरीकडे पेपरात येतं की पोर्तुगालने कर्ज कमी केलं, बजेट शिलकीत आणलं. दोन्ही एकाच वेळी कसं काय खरं असेल? तिथला कारभार कसा चालतो आणि साध्या माणसाचं तिथे भागतं का, हे कुणी नीट सांगेल का. एजंट लोकांवर माझा अजिबात विश्वास नाही म्हणून इथे विचारतोय.

राज्यशास्त्र_वाचक

निवडणुकांचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. जानेवारी २०२२, मार्च २०२४, मे २०२५ अशा तीन लोकसभा निवडणुका झाल्या तिथे. पण मामींना सांगा सरकार पडणं म्हणजे देश कोसळणं नाही, तिथली घटनाच अशी आहे की अल्पमतातलं सरकार चालू शकतं.

त्यांच्या संसदेत एकच सभागृह, २३० जागा. सरकार आल्यावर त्याला बहुमत सिद्ध करावं लागत नाही, ते आपला कार्यक्रम संसदेपुढे ठेवतं आणि बहुमताने तो फेटाळला नाही की झालं, कामाला सुरुवात. म्हणजे बाकीचे पक्ष गप्प बसले तरी पुरतं. खरी परीक्षा बजेटला होते, २०२१ च्या शेवटी तेच झालं, डाव्या पक्षांनी बजेटला साथ दिली नाही आणि निवडणूक लागली. शिवाय राष्ट्राध्यक्ष तिथे आपल्यासारखा खासदार-आमदारांकडून निवडला जात नाही, लोक थेट मत देतात, ५ वर्षांसाठी, आणि त्याला संसद बरखास्त करायचा अधिकार आहे. तिथले पत्रकार या अधिकाराला अणुबॉम्ब म्हणतात. मात्र निवडणूक झाल्यावर पहिले ६ महिने आणि स्वतःच्या मुदतीच्या शेवटच्या ६ महिन्यांत तो वापरता येत नाही.

हे सगळं आलं कुठून तर हुकूमशहा सालाझारच्या अनुभवातून. १९३२ पासून १९६८ पर्यंत एक माणूस पंतप्रधान, मग कायतानो, गुप्त पोलीस, सेन्सॉर, आणि १९६१ पासून अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊमध्ये पोरांना लढायला पाठवणं, त्याला कंटाळून शेवटी लष्करातल्याच तरुण अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ ला सत्ता उलथवली. रेडिओवर ठरलेलं गाणं लागलं हा इशारा होता आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची लाल फुलं खोवली. १९७६ ला नवीन घटना आली, तेव्हा परत एका माणसाच्या हातात सगळं जाऊ नये म्हणून सत्ता अशी वाटून टाकली. मला तरी ही रचना चांगली वाटते, कटकटीची असली तरी.

आता २०२३ चं. आंतोनियो कोस्टा, ज्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, ते २०१५ पासून पंतप्रधान होते, नोव्हेंबर २०२३ ला लिथियम आणि डेटा सेंटरच्या चौकशीत त्यांच्या ऑफिसपर्यंत छापे गेले आणि त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. नंतर ते युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष झाले. पंतप्रधानपदावर त्यांच्यानंतर लुईस मोंतेनेग्रो आले, मार्च २०२५ ला त्यांच्या कुटुंबाच्या कंपनीवरून वाद पेटला, ते विश्वासदर्शक ठराव हरले आणि दोन महिन्यांत परत निवडून आले.

यात काळजीची गोष्ट वेगळीच आहे. शेगा नावाचा कडवा उजवा पक्ष २०१९ ला निघाला, तेव्हा त्यांची १ जागा, २०२२ ला १२, २०२४ ला ५० आणि २०२५ ला ६०. कोस्टांचा समाजवादी पक्ष ५८ वर आला. गंमत नाही ही, देशात मोजणी झाली तेव्हा दोघांच्या ५८-५८ होत्या, परदेशातल्या पोर्तुगीजांच्या ४ जागांपैकी २ शेगाला गेल्या आणि तो दुसरा मोठा पक्ष झाला.

लिस्बनवासी

मी इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे आले आणि आता स्वतः पण काम करते, तर पगार आणि घर या दोन गोष्टी मी सांगते कारण तुमच्या भावाला त्याच लागणार आहेत.

पेपरातलं खरं आहे. २०११ ला हा देश दिवाळखोरीच्या काठावर होता, आयएमएफ, युरोपियन युनियन आणि युरोपियन सेंट्रल बँक या तिघांकडून ७८ अब्ज युरोचं कर्ज घेतलं, इथे त्या तिघांना त्रोइका म्हणतात आणि अजूनही तो शब्द निघाला की माझ्या ऑफिसातल्या मोठ्या बायकांचा चेहरा बदलतो. सरकारी नोकर आणि पेन्शनर यांचे बोनस कापले, चार सार्वजनिक सुट्ट्या रद्द केल्या, त्यात ५ ऑक्टोबरचा प्रजासत्ताक दिन पण गेला, तो २०१६ ला परत आला. सरकारी कर्ज जीडीपीच्या १३० टक्क्यांच्या वर गेलं होतं ते २०२३ ला १०० च्या खाली आणलं. हे सोपं नव्हतं आणि ते लोकांनी सोसलंय, आकडा सुधारला तो कुणाच्या तरी पगारातून सुधारला हे विसरू नका.

आता पगार. २०२५ ला किमान वेतन महिना ८७० युरो होतं, पण वर्षातून १४ वेळा मिळतं, एक जास्तीचा पगार उन्हाळी सुट्टीचा आणि एक ख्रिसमसचा. त्यातून ११ टक्के सोशल सिक्युरिटीचे कापतात, म्हणजे तेव्हा हातात ७७४ च्या आसपास. हॉटेलात नवीन माणसाला याच्याच जवळपास देतात. आणि लिस्बन शहरात एक बेडरूमचं घर हजार युरोच्या खाली मिळणं अवघड, म्हणजे एकट्याच्या पगारात घर नाहीच, खोली शेअर करावी लागते नाहीतर नदीपलीकडे सेतुबालच्या बाजूला राहून रोज २५ एप्रिल पुलावरून ट्रेनने यायचं. (या पुलाचं आधीचं नाव सालाझार पूल, क्रांतीनंतर बदललं.) माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी, तिशी ओलांडलेली, पर्मनंट नोकरी, अजून आईवडिलांकडे राहते आणि इथे कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. जुन्या वस्तीत जिन्यावरून वर जाताना दाराशेजारी किल्लीचे ते नंबरवाले छोटे डबे लटकलेले दिसतात, एकेका इमारतीत तीन तीन चार चार, म्हणजे तेवढी घरं पर्यटकांकडे गेली. लोक चिडलेत ते या कारणाने. राग काढायला मग बाहेरून आलेले सापडतात आणि त्यात आपण पण आलो, हे मला मनापासून दुःख देतं कारण माणसं स्वभावाने फार मायाळू आहेत, माझ्या आजारपणात खालच्या मजल्यावरच्या आजी रोज सूप आणून द्यायच्या.

पोर्तो_पुणे

ताईंचं सगळं पटतं पण लिस्बन म्हणजे पोर्तुगाल नाही हो. उत्तरेत अजून कारखाने आहेत, बूट, कापड, फर्निचर, मशीनचे पार्ट. लिस्बनच्या दक्षिणेला पाल्मेलाला फोक्सवॅगनचा मोठा प्लांट आहे. आणि कॉर्क, जगातलं निम्म्याच्या आसपास कॉर्क एकटा पोर्तुगाल काढतो. मी कामानिमित्त दक्षिणेकडच्या अलेंतेजू भागात त्या झाडाची साल काढताना बघितलीय, उन्हाळ्यात दोघं दोघं माणसं कुऱ्हाडीने झाडाची साल अशी उभी चिरतात की आतल्या जिवंत खोडाला धक्का लागत नाही, आणि मग उघड्या लालसर बुंध्यावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात कारण पुढची साल ९ वर्षांनीच काढायची. परवानगीशिवाय ते झाड तोडता येत नाही. शेतमजुरीत या कामाला सगळ्यात चांगला पैसा मिळतो पण शिकायला वर्षं जातात आणि गावात तरुण पोरं उरलेली नाहीत.

त्याच अलेंतेजूत ओदेमिराला बेरीची प्लास्टिकची शेडं पसरलीत, तिथे काम करणारे नेपाळी, बांगलादेशी, आपले पंजाबी. एका घरात कोंबून राहतात, त्यांच्या राहण्याचे हाल कोविडमध्ये सगळ्या देशाने बघितले. भावाला म्हणावं कुणी मध्यस्थ शेतावरचं काम देतो म्हणाला तर लांब राहा.

सिंधुदुर्ग_८४

खूप आभार सगळ्यांचे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. एक शंका, जिथली जनता स्वतःच बाहेर जाते तिथे बाहेरच्यांचा राग का? आणि भावाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला परदेशी धरतील का?

राज्यशास्त्र_वाचक

बाहेर जाणं तिथे पिढ्यांपासून आहे, साठच्या दशकात युद्धावर जायला नको म्हणून आणि गरिबीला कंटाळून लाखो लोक फ्रान्सला गेले, कित्येक रात्री डोंगर ओलांडून. लक्झेंबर्गमध्ये परदेशी लोकांत सगळ्यात मोठा समुदाय आजही पोर्तुगीजांचा. २०११ नंतर शिकलेली पोरं परत गेली. त्यामुळे आम्ही मुलं बाहेर पाठवायची आणि सरकार बाहेरून माणसं आणतं अशी भावना झालीय. ती चुकीची आहे असं माझं मत, त्या माणसांशिवाय हॉटेलं, शेतं, बांधकाम, काहीच चालणार नाही, पण पगार वाढत नाही तोवर हे बोलून उपयोग नाही. बेजा, सेतुबाल हे जिल्हे, एकेकाळचे कम्युनिस्टांचे बालेकिल्ले २०२५ ला शेगाकडे गेले ते उगाच नाही.

पेडण्याची_लेक

कायद्याने तुमचा भाऊ पूर्ण पोर्तुगीज, त्याला व्हिसा नको, परमिट नको, मतदान पण करता येईल. बाहेरच्यांच्या कागदांसाठी जी भली मोठी रांग आहे त्यात त्याला उभं राहायचं नाही. पण एक लक्षात ठेवा, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागतो, मतदार यादीतून नाव जातं, इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, मग ओसीआय कार्डवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) यायचं. आमच्या शेजारच्या घरात कागदं झाल्यावरही दोन वर्षं इकडचा पासपोर्ट तसाच वापरला आणि नंतर फार मनस्ताप झाला. हे आधी नीट करा, तिकीट नंतर.

भाषेचं पण सांगते, नाव पोर्तुगीज कागदावर आहे म्हणून भाषा येत नाही. इथे असतानाच सहा महिने क्लास लावा. पणजीत शिकवतात.

लिस्बनवासी

भाषेचं एकदम खरं. भाषा आली तर हॉटेलात रिसेप्शनला, नाही आली तर भांडी. आणखी दोन कामाच्या गोष्टी. मालक म्हणाला की रेसिबो वेर्दवर काम कर तर समजून घ्या, त्यात माणूस कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक होतो, ते जास्तीचे दोन पगार मिळत नाहीत, रजा नाही, सोशल सिक्युरिटी पण स्वतः भरायची. कोंत्रातो म्हणजे लेखी करारच मागायचा. आणि ३५ वर्षांपर्यंतच्यांना इन्कम टॅक्समध्ये मोठी सवलत आहे, भाऊ त्यात बसत असेल तर पहिल्या वर्षापासून लावून घ्या.

आल्यावर पहिलं टॅक्स नंबर, त्याशिवाय फोनचं सिम सोडून काही होत नाही. राहण्याचा दाखला त्या भागाच्या जुंतामध्ये मिळतो, आपल्या ग्रामपंचायतीसारखं छोटं ऑफिस असतं, भाडेकरार नसेल तर त्या भागातले दोन मतदार साक्षीला न्यावे लागतात. ओळखीचं कुणी नसेल तर लिस्बनमधल्याच लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात रविवारी जाऊ दे, मोझांबिकहून आलेली जुनी गुजराती मंडळी आहेत, चाळीस-पन्नास वर्षं इथे राहिलेली, ते वाट दाखवतात. सुरुवातीला तीन महिने पुरतील एवढे पैसे खात्यात ठेवूनच निघायला सांगा, आणि शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरला येऊ नका, सीझन संपलेला असतो, मार्चमध्ये आला तर उन्हाळ्यासाठी भरती चालू असते.