साडेसहा वर्षांच्या मुलीची किडलेली दाढ भरावी की पडू द्यावी?

प्रतापनगरची आई: मुलीच्या खालच्या जबड्यात सर्वांत मागच्या दाढेवर काळा खड्डा दिसतो आहे. दुधाचे दात पडणारच, मग खर्च कशाला, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. काय करावे?

सदरकर: ताई, जबड्याच्या मध्यापासून दात मोजून पाहा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. साधारण सहाव्या वर्षी त्यांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ गुपचूप उगवते आणि म्हणूनच घरोघरी तिला दुधाची समजले जाते. ती गेली की पुन्हा येत नाही. दुधाची दाढ असली तरी ती १० ते १२ वर्षांपर्यंत जागा राखते. अवेळी काढल्यास शेजारचे दात सरकतात आणि नंतरचे वाकडे येतात.

महालचे आजोबा: आपल्या नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवता येईल. संत्रा बर्फी दिवसभर थोडीथोडी देण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच द्यावी, कारण गोड किती वेळा खाल्ले यावर कीड अधिक अवलंबून असते. आमच्या घरी हे कोणी ऐकत नाही, ते सोडा.

प्रतापनगरची आई: मोजले. सहावी निघाली. सोमवारी नेते आहे.