विनाचालक गाड्यांना आपल्याकडे परवानगी द्यावी का?

कृष्णाकाठ (सांगली)
परवा रात्री आष्ट्याहून सांगलीला येत होतो. पुढं ट्रॅक्टरला जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. नुसते उसाच्या शेंड्याचे वाढे लोंबतायत. ब्रेक लागला तेव्हा बोनेट आणि ऊस यांच्यात हातभर अंतर उरलं होतं. बायकोनं घर येईपर्यंत तोंड उघडलं नाही, म्हणजे बघा. तेव्हापासून डोक्यात आहे, माझ्या डोळ्यांऐवजी लायडार असता तर? त्याला बाहेरचा उजेड लागत नाही, तो स्वतःच लेसर सोडून अंतर मोजतो. देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातात गेली, त्यातली सत्तर टक्क्यांच्या आसपास अतिवेगानं. यंत्राला घाई नसते, पेंग येत नाही, ते पिऊनही बसत नाही. चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, असं गडकरींनी सांगून टाकलंय. मला ते पटत नाही.

घाटवळण (सातारा)
एस.टी. चालवतोय, १८ वर्षं झाली. पावसाळ्यात केळघर घाटात धुकं उतरलं की वायपरच्या पलीकडं काही दिसत नाही. काच खाली करून कान बाहेर द्यायचा, वरून येणाऱ्याचा हॉर्न ऐकायचा. मग कुणी थांबायचं ते डिपरवर ठरतं. अमेरिकेतल्या सपाट रस्त्यावर शिकलेलं यंत्र हे कुठं शिकणार? आणि नोकरीचं म्हणाल तर दादा, तुमची जात नाहीये.

विश्रामबागकर
काका, सॅन फ्रान्सिस्को सपाट नाही हो, तिथले चढ बघितले तर यवतेश्वरचा घाट बरा वाटेल. वेमो कंपनीच्या टॅक्सी तिथं चालकाच्या रिकाम्या सीटनिशी फिरतात. धुक्याचं मात्र मान्य. दाट धुक्यात लायडारचे किरणही विखुरतात, म्हणून जोडीला रडार लागतं.
पण कृष्णाकाठ, तुमच्या ट्रॉलीचं उत्तर इतकं सोपं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतच अ‍ॅरिझोनात टेम्पी इथं एक बाई रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. उबरच्या चाचणी गाडीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण ही गाडी, की सायकल, की आणखी काही, हे यंत्राचं ठरेना. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस मध्येच येतो हे त्याला शिकवलंच नव्हतं. लोंबत्या वाढ्यांना ते काय म्हणेल?

कृष्णाकाठ (सांगली)
त्याच गाडीत देखरेखीला बसवलेली चालक मोबाईलमध्ये बघत होती, तेही सांगा की.

जुना वकील
दिसणं-न दिसणं राहू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ चा. कलम ३ म्हणतं, परवान्याशिवाय कुणी गाडी चालवायची नाही. इथं परवाना कुणाच्या नावावर काढणार? कलम १३४ नुसार अपघात झाला की जखमीला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी चालकाची (जमाव खवळला असेल तर गोष्ट वेगळी). चालकच नाही, तर उचलणार कोण? २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीनं उडवलेली बाई क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीपुढं पडली. टॅक्सी थांबली आणि मग कडेला घ्यायची म्हणून तिला २० फूट फरफटत घेऊन गेली. माणूस असता तर खाली उतरून वाकून बघितलं असतं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियानं क्रूझचा परवाना रोखला.
ब्रिटननं २०२४ च्या कायद्यात हा गुंता सोडवलाय. गाडी स्वतः चालत असताना चुकली तर दोष आत बसलेल्याचा नाही, परवानगी घेणाऱ्या कंपनीचा. आपल्याकडं २०१९ च्या दुरुस्तीत कलम २ब आलं. त्यातून संशोधनासाठी केंद्र सूट देऊ शकतं. तेवढी चाचणी होऊ द्या. पण जबाबदारी आधी लिहून घ्या, गाडी मग.

घाटवळण (सातारा)
वकीलसाहेब, चाचणी घ्यायची तर खंबाटकीचा बोगदा उतरून एस वळणावर घ्या. आत कंपनीचा मालक बसवा.

दोन ट्रॉल्या (वाळवा)
माझ्यासारख्याच्या ट्रॉलीवरनं धागा निघालाय म्हणून बोलतो. कारखान्यावर नंबर लागायला रात्र जाते, मागच्या दिव्याची तार कुठल्यातरी खड्ड्यात तुटते. तुमची गाडी दहा-वीस लाखांची शहाणी असणार, माझा ट्रॅक्टर आहे तसाच राहणार. दोघं एकाच रस्त्यावर. आणि धडक झाली की तुमच्या गाडीत सगळं रेकॉर्ड, मग खोटा मीच ठरणार का?

कृष्णाकाठ (सांगली)
भाऊ, राग नाही. रिफ्लेक्टर लावलेत का पण?

दोन ट्रॉल्या (वाळवा)
लावलेत की. पुढच्या ट्रॉलीला.