विषय: ग्रीन कार्डच्या अर्जाला मंजुरी मिळून 180 दिवस व्हायच्या आत नोकरी बदलू का? (गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय)

रविवार, 3 ऑगस्ट 2025, रात्री 10:42

मंडळी नमस्कार,

आज ढोलपथकाच्या सरावाला आले नाही त्याचं कारण हेच. ऑफर हातात आहे, लेव्हल एकने वरची. पण त्यांना 18 ऑगस्टला जॉइन व्हायला हवंय. माझा आय-140, म्हणजे इथल्या कंपनीने भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज, मंजूर झाला 14 मार्चला. एच-1बी या कामाच्या व्हिसाची सहा वर्षं फेब्रुवारीत संपतात आणि नवऱ्याचा एच-4 ईएडी (नोकरी करायचा परवाना) माझ्याच आय-140 वर आहे. मी गेल्यावर इथल्या लोकांनी आय-140 मागे घेतला तर?

मॅनेजर म्हणतो थांब, मार्चच्या सायकलला प्रमोशन नक्की, शिफारशीचं पॅकेट तयार आहे. मागच्या वर्षीही पॅकेट तयारच होतं. वकील नव्या कंपनीचा, तो "या" म्हणणारच. कुणी यातून गेलंय का?

– ढोल क्र. 14, सनीव्हेल

रविवार, रात्री 11:15

उडी मार. प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, कुठे जात नाही. आमच्या टीममधले दोघं असेच गेले, मजेत आहेत. आणि मागे घ्यायला कुणाला वेळ असतो? त्याचे पण वकिलाला पैसे मोजावे लागतात.

प्रमोशनचं म्हणशील तर बोलाचीच कढी. "तू आधीपासूनच पुढच्या लेव्हलचं काम करतोयस" हे मी अडीच वर्षं ऐकलं. मग त्या लेव्हलचा पगार कोण घेत होतं? बाहेर तीन आठवड्यांत मिळाली ती लेव्हल.

ता. क. 14 च्या दोऱ्या सैल होत्या, ताणून ठेवल्यात.

– ताशा, मिलपिटास

सोमवार, 4 ऑगस्ट, सकाळी 6:05

चि. ढोल क्र. 14,

ताशाचं ऐकून उडी मारू नकोस. त्याने दोन गोष्टी एकात कालवल्या आहेत. प्रायॉरिटी डेट टिकते हे खरं, फसवाफसवी नसेल तर. पण 180 दिवसांच्या आत कंपनीने आय-140 मागे घेतला की तो रद्द. मग सहा वर्षांपुढचं एक्स्टेन्शन कशावर मागणार? जावईबापूंचा ईएडीही त्याच खुंटीला टांगलेला. 180 उलटल्यावर कंपनीने मागे घेतला तरी तेवढ्याने तो रद्द होत नाही. हा नियम जानेवारी 2017 पासूनचा. आमच्या वेळी हे लाड नव्हते.

आमच्या वेळी काय होतं सांगतो. पर्ममध्ये, म्हणजे ग्रीन कार्डच्या पहिल्या टप्प्यातल्या अर्जात, लिहिलेलं काम बदललं तर पुन्हा पहिल्यापासून, असं वकिलाने घाबरवलं म्हणून मी 2006 साली मॅनेजरकी नाकारली. पुढच्या वर्षी जुलैच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कुठल्या तारखेपर्यंतच्यांनी शेवटचा अर्ज करायचा ते सांगणारं सरकारी पत्रक) नोकरीवाल्या जवळजवळ सगळ्यांच्या तारखा एकदम खुल्या! तपासण्या, फोटो, पाकीट बरोब्बर 2 जुलैला पोचेल असं पाठवलं, आणि त्याच दिवशी सरकारने जाहीर केलं की अर्ज घेणार नाही. मग गांधीगिरी म्हणून लोकांनी इमिग्रेशनच्या डायरेक्टरला फुलं पाठवली. त्यांनी ती जखमी सैनिकांच्या इस्पितळात धाडली. माझेही डझनभर गुलाब होते त्यात. (घरातून प्रश्न आला, "मला कधी आणलेत?") 17 जुलैला निर्णय फिरला. मॅनेजरकी मात्र फिरून आली नाही.

तेव्हा सहा महिने थांब. 14 सप्टेंबर.

– अण्णा, फ्रीमॉन्ट

सोमवार, सकाळी 9:30

सप्रेम नमस्कार. ही यादी फक्त कार्यक्रमांसाठी आहे, हे पाडव्याच्या त्या प्रकारानंतर ठरलं होतं. नोकरीविषयक प्रश्न करिअर कट्ट्याकडे न्यावेत. 30 तारखेच्या उकडीच्या मोदकांची संख्या अजून फक्त चार घरांनी कळवली आहे.

– सचिव

सोमवार, दुपारी 12:10

कट्ट्याची आठवण ठेवल्याबद्दल सचिवांचे आभार. हॉलची किल्लीही अशीच आठवणीने मिळाली असती तर जूनचं सत्र पार्किंगमध्ये झालं नसतं.

असो. अण्णा, महिने नाही, दिवस. मंजुरीच्या नोटिशीवर 14 मार्च असेल तर 180 वा दिवस 10 सप्टेंबर. पर्म भरल्याची तारीख वेगळी, ती प्रायॉरिटी डेट. ती इथे मोजायची नाही.

18 ऑगस्टला फार घाबरू नकोस. नव्या कंपनीला आधी एलसीए हा मजूर खात्याचा कागद मंजूर करून घ्यावा लागेल, त्यालाच कामाचे सात दिवस लागतात. मग कागद गोळा करून एच-1बी ट्रान्सफरचा अर्ज. पावती आल्यावर काम सुरू करता येतं, पण अर्ज तर जायला हवा! तू गुरुवारी हो म्हणालीस तरी 18 तारीख त्यांनाच गाठता येणं कठीण आहे. रिक्रूटरने तक्त्यातला एक सोमवार उचललाय. 15 सप्टेंबर माग. सहा वर्षांपुढचं एक्स्टेन्शनही त्याच अर्जात मागता येतं, ते वकिलाला आजच विचार.

– करिअर कट्टा

सोमवार, दुपारी 12:25

मंजुरीचा दिवस धरून की सोडून? सुतक मोजतानाही आमच्याकडे हाच वाद होतो.

– अण्णा

सोमवार, दुपारी 1:02

सोडून. आणि शंका असेल तर 11 धरा की, एका दिवसाने काय होतंय!

– करिअर कट्टा

सोमवार, दुपारी 3:40

पण 15 ला जॉइन व्हायचं तर दोन आठवड्यांची नोटीस 1 सप्टेंबरला द्यावी लागेल. त्या दिवशी लेबर डे, म्हणजे 2. तेव्हा 172 दिवस होतात. मी जातेय हे कळल्यावर त्यांनी तेव्हाच कागद पाठवला तर?

– ढोल क्र. 14

सोमवार, दुपारी 3:52

नोटीस हा कायदा नाही, रिवाज आहे. 11 ला सांग, 12 ला लॅपटॉप दे, सोमवारी नवीन ऑफिस. ते आपल्याला काढतात तेव्हा देतात का दोन आठवडे? माझा मित्र सकाळी उठला तर लॉगिन बंद.

– ताशा

सोमवार, संध्याकाळी 5:20

काढणारे वेगळे, आपण वेगळे. सॅन होजेपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सगळी मिळून एकच आळी आहे. आज ज्याला टांग देशील तोच चार वर्षांनी मुलाखतीला समोर बसतो. माझ्यासमोर बसला होता.

– अण्णा

सोमवार, संध्याकाळी 6:45

आमचे 21. पण सारणात वेलची की जायफळ ते आधी ठरवा, मागच्या वर्षी दोन्ही पडलं होतं.

– माई, प्लेझंटन

मंगळवार, 5 ऑगस्ट, सकाळी 8:14

कृपया मला या यादीतून काढा.

बुधवार, 6 ऑगस्ट, रात्री 9:55

29 सप्टेंबर मागितली, 22 मिळाली. रिक्रूटरने कारणही विचारलं नाही, म्हणाली "ओके, नो प्रॉब्लेम". तीन रात्री झोपले नव्हते मी! 20 ऑगस्टला इथल्या कंपनीकडून मिळायचे शेअरही आता हातात पडतील, ते मी विसरलेच होते. राजीनामा 11 ला सकाळी, म्हणजे सात कामाचे दिवस. अण्णा, अर्धी नोटीस चालेल ना? एक्स्टेन्शन त्याच अर्जात मागू म्हणाला वकील.

मॅनेजरला अजून काही माहीत नाही. आज परत म्हणाला, पॅकेट तयार आहे.

आमचे 11. रविवारी सरावाला येते.

– ढोल क्र. 14

बुधवार, रात्री 10:20

11 म्हणजे मोदक ना? तारीख असेल तर वेगळं कळवा.

– सचिव