पॉमेरियनला हृदयविकार, त्यात डी-डायमर वाढलेला: रक्त पातळ करणारी गोळी द्यावी का?

गंगावेसकर

नमस्कार. आमच्याकडे ११ वर्षांचा, साधारण ७ किलो वजनाचा पॉमेरियन आहे. गेल्या वर्षापासून त्याला रात्री खोकला येत होता. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर रंकाळ्याची अर्धी फेरीही पुरी होण्याआधी तो धापा टाकत खाली बसू लागला, म्हणून एक्स-रे आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतले. मायट्रल झडप जाड होऊन गळते आहे, डावी कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा) बरीच मोठी झाली आहे आणि फुप्फुसांत पाणी साठले आहे, असे निदान झाले. पिमोबेंडान (हृदयाला बळ देणारे), फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारे) आणि बेनाझेप्रिल (रक्तवाहिन्या सैल करणारे) ही औषधे सुरू होऊन सहा आठवडे झाले असून धाप पुष्कळ कमी आहे.

फेरतपासणीचे रक्त आमच्या डॉक्टरांनी माणसांच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. अहवालात प्लेटलेट ८८,००० आल्या आहेत, डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात उतरणारा अंश) वाढलेला आहे आणि पीटी व एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे पाहणाऱ्या चाचण्या) ‘नॉर्मल’ लिहिले आहे. डॉक्टर आठवडाभर परगावी आहेत. आबांची अँजिओप्लास्टी झालेली असल्यामुळे घरात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेतच, आणि त्यातली अर्धी कुत्र्याला द्यावी, असा आत्यांचा आग्रह आहे. मला कोडे पडले आहे ते असे की प्लेटलेट कमी म्हणजे रक्तस्रावाची भीती आणि डी-डायमर जास्त म्हणजे गुठळीची भीती. मग हृदय कमजोर झाल्यावर कुत्र्याचे रक्त घट्ट होते की पातळ?

शाहूपुरीतील निवृत्त पशुवैद्य

आबांची गोळी देऊ नका, हे आधी सांगतो, कारण नंतर. अँजिओप्लास्टीनंतर दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये बहुधा एकच औषध नसते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणारे औषध) आणि कोलेस्टेरॉलचे औषध अशी तिन्ही एकत्र असू शकतात, आणि तिची ‘अर्धी’ करणे म्हणजे ७ किलोच्या जिवाला कशाचा किती डोस गेला हे कोणालाच न कळणे. शिवाय फ्युरोसेमाइड आणि बेनाझेप्रिल चालू असताना मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. त्यात ॲस्पिरिनच्या जातीचे औषध जास्त मात्रेत पडले तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट चालत नसली की रक्तात साठणारा पदार्थ) वाढायला वेळ लागत नाही.

आता आपला मूळ प्रश्न. हृदयविकार आणि गुठळी ही जोडी आपल्या मनात घट्ट बसली आहे ती माणसांमुळे, आणि प्राण्यांत पाहिले तर मांजरांमुळे. मांजराची डावी कर्णिका फुगली की तिथे गुठळी होऊन ती महाधमनीच्या शेवटच्या फाट्यावर अडकते आणि मागचे दोन्ही पाय एका क्षणात लुळे पडतात. हा प्रकार आम्ही नोकरीत अनेकदा पाहिला. कुत्र्यांत कर्णिका कितीही मोठी झाली तरी असे क्वचितच घडते. त्यामागे एक कारण असे मानले जाते की गळक्या झडपेतून उलट्या दिशेने येणारी जोरदार धार कर्णिकेतले रक्त सतत घुसळत ठेवते, त्यामुळे ते साचून राहत नाही.

याचा अर्थ हृदयविकाराने कुत्र्याच्या रक्तात काहीच बदलत नाही, असा मात्र नाही. हृदय निकामी होऊ लागलेल्या काही कुत्र्यांत फायब्रिनोजेन (गुठळीचे जाळे विणणारे प्रथिन) आणि डी-डायमर वाढलेले आढळतात, म्हणजे गोठण्याची आणि गुठळी विरघळण्याची अशी दोन्ही कामे पडद्याआड थोडी जास्त चालू असतात. त्याच वेळी एक उलटा बदलही होतो, आणि मला तो फार रंजक वाटतो. प्लेटलेटना जखमेच्या जागी चिकटवणारे व्हॉन विलेब्रांड नावाचे प्रथिन लांबलचक साखळ्यांच्या रूपात रक्तात फिरत असते. झडपेच्या अरुंद फटीतून रक्त प्रचंड वेगाने निसटते तेव्हा या साखळ्या ताणल्या जातात आणि त्यांतल्या सर्वांत लांब, म्हणजेच सर्वांत कामाच्या साखळ्या कापल्या जातात. झडप जास्त गळणाऱ्या कॅव्हेलियर जातीच्या कुत्र्यांत हे नेमके दिसून आले आहे. माणसांत महाधमनीची झडप अरुंद झाल्यावर काही रुग्णांना आतड्यांतून रक्तस्राव होतो, तोही याच कारणाने. म्हणजे एकाच आजारात एक पारडे गुठळीकडे झुकते आणि दुसरे रक्तस्रावाकडे; बहुतेक कुत्र्यांत दोन्ही झुकाव इतके अल्प असतात की बाहेरून काहीच जाणवत नाही.

गोठणविरोधी औषधांबद्दल पशुवैद्यक तज्ज्ञांनी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने होणारा रक्तक्षय आणि लघवीतून प्रथिने गळणारा मूत्रपिंडविकार या दोन स्थितींत कुत्र्यांना ही औषधे द्यावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. केवळ हृदयविकार आहे म्हणून सरसकट द्यावीत, असे म्हटलेले नाही. आणखी एक धोका लक्षात घ्या. या आजारात फुगलेल्या कर्णिकेची भिंत कधी कधी फाटते आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त उतरते. त्या वेळी ती चीर बुजवायला रक्त गोठणे हाच एक आधार असतो.

म्हणून डी-डायमर का वाढला, याचे उत्तर हृदयाबाहेरही शोधावे लागेल. अंगावर गोचिडे सापडली होती का? लघवीची तपासणी केली आहे का?

काचपट्टी

मी राजारामपुरीत रक्ततपासणीच्या कामात आहे. डॉक्टर नाही, पण नमुना कुठे बिघडतो हे रोज पाहतो, म्हणून लिहितो.

लहान कुत्र्याची शीर बारीक असते, त्यात ते धडपडते, सुई दोनदा फिरते आणि तेवढ्या वेळात सिरिंजमध्येच प्लेटलेटचे पुंजके होऊ लागतात. यंत्र एका पुंजक्यातल्या वीस प्लेटलेट वेगळ्या मोजत नाही. ते त्यांना एकतर पेशी समजते किंवा मोजणीतूनच वगळते. त्यामुळे ८८,००० हा आकडा काचपट्टीवर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खरा धरू नये. कुत्र्यांत साधारण दोन ते पाच लाख प्लेटलेट असतात, आणि आपोआप रक्तस्राव व्हायला त्या बहुधा पन्नास हजारांच्याही बऱ्याच खाली जाव्या लागतात.

दुसरी गोष्ट निळ्या झाकणाच्या नळीची. पीटी, एपीटीटी आणि डी-डायमर यांसाठी नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (नळीतले रक्त गोठू न देणारे द्रव्य) हे प्रमाण लागते आणि नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. ‘कुत्रा लहान आहे, थोडेच रक्त निघाले’ असे सांगून अर्धी नळी आली तर पीटी आणि एपीटीटी खोटेच लांबतात. उलट, अहवालात छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा माणसांची असेल तर त्या शब्दाला अर्थ नाही, कारण कुत्र्याचे एपीटीटी माणसापेक्षा बरेच कमी सेकंदांचे असते. माणसाच्या मर्यादेत बसलेला ३० सेकंदांचा आकडा कुत्र्यासाठी लांबलेला ठरेल. डी-डायमरचेही तसेच आहे: माणसांसाठी बनवलेला प्रत्येक संच कुत्र्याच्या रक्तात नीट चालतोच असे नाही, आणि चालला तरी सूज, जखम, शस्त्रक्रिया, यकृताचा विकार, कर्करोग अशा कशानेही तो वाढतो. तो कमी आला तर गुठळीची शक्यता कमी होते, एवढाच त्याचा खरा उपयोग.

डॉबरमनवाला, उचगाव

वरील दोघांनी सांगितलेले मी अनुभवाने शिकलो. आमच्या डॉबरमनला हृदयाचे स्नायू पातळ होण्याचा विकार होता आणि ठोके अनियमित झाले होते. माणसांत अशा ठोक्यांना रक्त पातळ करण्याचे औषध देतात हे वाचून मी कोणालाही न विचारता औषधाच्या दुकानातून ॲस्पिरिन आणून दिली. चौथ्या दिवशी नाकातून रक्त आले आणि ते थांबायला दोन तास लागले. या जातीत व्हॉन विलेब्रांड प्रथिनाची जन्मजात कमतरता पुष्कळ आढळते, हे मला नंतर कळले. म्हणजे जिचे हृदय पुष्कळदा बिघडते तीच जात रक्तस्रावालाही सोपी.

थोडे अवांतर, पण सांगायला हवे. रविवारी मटणाची अळणी कुत्र्याला देण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. नाव अळणी असले तरी मटण शिजवताना आपण मीठ घालतोच, वर कांदा-लसूणही असतो. मीठ हृदयाला नको आणि कांदा तांबड्या पेशींना नको.

गंगावेसकर

सर्वांचा आभारी आहे. आत्यांना हे सर्व वाचून दाखवले. अळणी आम्हीही देत होतो, ती बंद केली.

काल डॉक्टर परतल्यावर पुन्हा रक्त घेतले. काचपट्टीवर खरोखरच पुंजके दिसले आणि प्लेटलेटचा अंदाज १,८०,००० च्या आसपास आला. गोचिडांबद्दल विचारले होते. जूनमध्ये कानामागे चार-पाच सापडली होती, त्यामुळे गोचीडतापासाठी पीसीआरला नमुना पाठवला आहे. लघवीतील प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर मात्र ०.९ आले. अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) २.९ आहे. आता मूत्रपिंडाच्या कारणाने क्लोपिडोग्रेल सुरू करावे लागेल का?

शाहूपुरीतील निवृत्त पशुवैद्य

गुणोत्तर ०.५ च्या वर असणे दखल घेण्याजोगे आहे, पण एकाच नमुन्यावर ठरवू नये. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा एक-दोनदा तपासा आणि लघवीला जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून घ्या. मूत्रपिंडांतून अल्ब्युमिन गळते तेव्हा साधारण त्याच आकाराचे अँटिथ्रॉम्बिन, म्हणजे गोठण्याला लगाम घालणारे प्रथिनही गळते. गुठळीचा खरा धोका येतो तो तिथून, आणि अल्ब्युमिन जितके खाली जाईल तितकी त्याची काळजी अधिक. आपल्याकडे ते २.९ आहे, म्हणजे पुढचा नमुना येईपर्यंत थांबायला हरकत दिसत नाही. प्रथिनांची गळती कमी करायला बेनाझेप्रिल उपयोगी पडते आणि ते आधीच चालू आहे. रक्तदाब मोजला नसेल तर तो मोजून घ्या.

गोचीडतापाने प्लेटलेट थोड्या उतरू शकतात आणि लघवीत प्रथिनेही येऊ शकतात. पीसीआर होकारार्थी आला तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा २८ दिवसांचा क्रम पूर्ण करून मगच गुणोत्तराचा विचार करणे रास्त ठरेल. दुसऱ्या नमुन्यातही ते वाढलेलेच राहिले आणि अल्ब्युमिन उतरू लागले, तर क्लोपिडोग्रेलबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला. मात्रा तेच ठरवतील. ते फार कडू असते, अन्नात लपवून द्यावे लागते.

तोवर घरी दोन गोष्टी पाहा. गाढ झोपेत असताना अर्धा मिनिट श्वास मोजून दुप्पट करा. आकडा सलग ३० च्या वर जाऊ लागला तर सकाळची वाट पाहू नका. दुसरे म्हणजे मागचे पाय. कुत्र्यांत महाधमनीतली गुठळी पुष्कळदा मांजरासारखी एकाएकी कोसळत नाही. चालता चालता मागचा पाय ओढणे, थांबल्यावर बरे वाटणे आणि पुन्हा ओढणे असे काही आठवडे चालते, आणि घरचे लोक त्याला म्हातारपणचा संधिवात समजतात. पंजा गार लागला, नखांखालचा भाग निळसर दिसला किंवा मांडीच्या आतली नाडी लागली नाही, तर त्याच दिवशी दाखवा. श्वास एकदम वाढला आणि एक्स-रेत फुप्फुसे स्वच्छ दिसली, तर फुप्फुसातल्या गुठळीचीही शंका घ्यावी लागते.

गंगावेसकर

काल रात्रीचा आकडा २४ होता, आज पहाटे २६. पीसीआरचा अहवाल गुरुवारी येणार आहे, आल्यावर इथेच लिहितो. मांडीची नाडी कुठे पाहायची ते डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवले, दोन्हीकडे लागते.