धागा: विश्वास जिला चिकटलाय अशी एखादी गोष्ट सांगा

नाताळ जवळ आला की आपल्यात केक आणि कॅरलच्याच गप्पा. यंदा जरा दुसरं बोलू. गावाकडच्या घरातली, मंडळीतली (म्हणजे चर्चमधली), शेतातली एखादी साधी गोष्ट सांगा, जिला तुमचा विश्वास अजून चिकटलेला आहे. साक्ष देऊ नका, ती रविवारी होतेच. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, चर्चची पायरी न चढणारे, सगळे या.

सुरुवात माझ्यापासून. गाव नेवासे तालुक्यातलं, घरात वीज नव्हती. जेवणं झाली की आजी कंदील मधोमध ठेवून वात बारीक करायची. प्रार्थनेला डोळेच मिटायचे तर उजेड कशाला, रॉकेल वाचेल, हा तिचा हिशोब. तिला अक्षरओळख नव्हती, पण स्तोत्र 23 तोंडपाठ. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ मी तेव्हा नुकती वजाबाकी शिकत होतो. मला वाटायचं, देवाने आपल्या घराला उण्याच्या गणितांतून सूट दिलीय. गुरुजींना तसं सांगूनही पाहिलं. छडी बसली. आजी वारली तेव्हा पाळकांनी तेच स्तोत्र वाचलं आणि ‘उणे’ आल्यावर मला नेमकं हसू फुटलं. बायको अजून विचारते, मातीला कुणी हसतं का?

राहुरीकडून

आमच्याकडे हंगामाचा सण जोरात. वेदीपुढे बाजरीची कणसं, गूळ, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की लिंबाखाली लिलाव. एका वर्षी वडिलांनी आमच्याच घरून गेलेला भोपळा चाळीस रुपयांना सोडवला आणि भरात येऊन परत मंडळीला देऊन टाकला. तो पुन्हा लिलावात. दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत दिला. तिसऱ्या बोलीला मागून एक म्हातारी ओरडली, “अरे, आता शिजवा की कुणीतरी त्याला!” शेवटी वडिलांनीच परत घेतला. आईने भाजी केली, पण आठवडाभर एकच वाक्य ऐकवत होती: “वेलीवर होता तेव्हा फुकट होता.”

वसईतून

घरात आम्ही कादोडी बोलतो, देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) मराठी. आजीच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीकडे तोंड करून आपलं म्हणायचे, बायका इकडे रोझरीचे मणी सरकवायच्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (ती 1965 ला संपली) मिस्सा मराठीत आली, तर आजीची तक्रार: “आता सगळं कळतं, मग माळ कधी करायची?”

दुसरी गोष्ट रहाटाची. दुपारी बाराला देवळाची घंटा झाली की आजोबा टोपी काढून उभे राहायचे आणि बैल आपोआप थांबायचा. इतकी सवय, की आजोबा आजारी असताना गडी हाकत होता तरी बैल घंटेला थांबला. पुढे पंप आले. मग टँकर आले, गोड्या विहिरींचं पाणी बाहेर जायला लागलं, आणि हरित वसईच्या चळवळीत आमचे फादर दिब्रिटोही उतरले. तेच पुढे 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे सांगताना आमच्याकडे अजून कॉलर ताठ होते. बैलाचं मात्र कुणी काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहिलं.

श्रीरामपूर

मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? हरेगावच्या मतमाउलीला (मारियामातेच्या यात्रेला) आई दर सप्टेंबरात न्यायची. नवस माझ्यासाठीच होता, पण कसला ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता मी जाते, आणि कशासाठी ते माहीत नसताना मेणबत्ती लावून येते.

संगमनेरचं पठार

आमच्या मंडळीची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो वाजवायचं काम आजोबांचं. 1972 च्या दुष्काळात बैल विकले, आजी-आजोबा खडी फोडायला गेले, घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी. आजोबांनी उपासनेला बसणं सोडलं. म्हणायचे, “त्याला माझं ऐकू येत नाही, मग मी का त्याचं ऐकू?” पण दर रविवारी वेळेवर जाऊन टोल द्यायचे आणि घरी येऊन ओट्यावर बसायचे. पाळकांनी एकदाही विचारलं नाही, दुसरा माणूसही नेमला नाही. पाऊस त्र्याहत्तरला पडला. आजोबा आत गेले ते माझ्या बाप्तिस्म्याला, त्याच्याही बऱ्याच वर्षांनी. तेव्हासुद्धा शेवटच्या रांगेत, दाराजवळ.

गाव सांगत नाही

वरचं सगळं गोड आहे, थोडं कडूही चालेल असं धरते. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, नाव बदललं. वस्ती तीच राहिली आणि गावच्या विहिरीवर पाणीही मिळेना. मग वस्तीने स्वतःची विहीर खणली. तिला गाव आजही ‘किरिस्तावांची विहीर’ म्हणतं. म्हणजे गावाच्या लेखी आम्ही दोन्ही, जुनेही आणि किरिस्तावही. जातीच्या दाखल्याच्या वेळी मात्र एकच. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात पुढे शीख आले, बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच. भावाने कागदावर एक आणि मंडळीत एक अशी दोन नावं ठेवली. आई रात्री त्याच्यासाठी दोन्ही नावं घेऊन प्रार्थना करते. वर भलत्याच नावाने नोंद व्हायला नको, म्हणते.

टोरांटोहून

सर्वांना सलाम. आमची कौटुंबिक प्रार्थना आता व्हिडिओ कॉलवर. आई डोळे मिटते, फोन हातातून कलतो आणि पंधरा मिनिटं मला फक्त गावच्या घराचे पत्रे आणि पंखा दिसतो. ती गावातल्या एकेका आजाऱ्याचं नाव घेत जाते, मी पंख्याकडे बघत ‘आमेन’ म्हणते. परवा पंखा बंद होता. लाइट गेलीय हे तिच्याआधी मला कळलं.