वजनाचं इंजेक्शन घेतलेलं कोणी आहे का इथे? डॉक्टरांनी लिहून दिलंय पण धीर होत नाही

अंत्रुजकरीण

नमस्कार सगळ्यांना. मी फोंड्याची, वय ४३, उंची पाच फूट दोन आणि वजन ९१. बीपीची गोळी तीन वर्षं झाली चालू आहे, शुगर अजून डायबिटीसमध्ये गेलेली नाही पण एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.२ आलंय म्हणजे उंबरठ्यावरच आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मौंजारो लिहून दिलं, आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं, आणि ती चिठ्ठी तेव्हापासून पर्समध्येच पडून आहे.

आधी सांगते, मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. २०१९ मध्ये डाएट करून आठ किलो उतरवले होते, रात्रीचा भात बंद, साखर बंद, पहाटे चालणं, आणि दीड वर्षात अकरा किलो परत चढले. घरचे म्हणतात तोंड आवर, पण दुपारचं जेवण उरकून भांडी घासतानाच माझ्या डोक्यात चारच्या चहाबरोबर काय खायचं हे सुरू होतं, ते कसं आवरायचं कोणी सांगत नाही. चतुर्थीला पाटावर बसून नैवेद्य वाढला आणि उठताना जावेने एका हाताला आणि लेकीने दुसऱ्या हाताला धरलं तेव्हा मला रडूच आलं. त्यानंतरच डॉक्टरकडे गेले.

आता सासूबाई म्हणतात पोट मारायचं औषध आहे, नको घेऊ. भाऊ म्हणतो त्याच्या जिममधला एकजण हेच स्वस्तात आणून देतो. मला ज्यांनी खरंच घेतलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. भूक म्हणजे नक्की काय होते? घरात पाच माणसांचं जेवण मी करते, मासळी तळताना वास सहन होईल का? माघात मंगेशीची जत्रा आहे, पाहुणे येणार, तेव्हा सुरू करू की नंतर? आणि मुख्य म्हणजे हे किती दिवस घ्यायचं, बंद केलं की काय होतं?

बार्देशी

ताई, मी म्हापशाजवळचा, वय ५२. मे २०२५ मध्ये सुरू केलं, आता नववा महिना. १०८ वरून ९१ वर आलोय, सध्या ७.५ मिलिग्रामचा डोस. तेव्हा मौंजारो भारतात येऊन दोनच महिने झाले होते आणि फक्त व्हायल म्हणजे छोटी बाटली मिळायची, सिरिंजमध्ये ओढून घ्यायची, पेन नंतर ऑगस्टमध्ये आलं. सुई इन्सुलिनची असते तेवढीच बारीक, पहिल्यांदा बायकोने टोचली, आता मीच टोचतो, दर रविवारी आंघोळ झाल्यावर, एकदा बेंबीच्या डाव्या बाजूला एकदा उजव्या, त्याच जागी परत परत नाही.

भुकेचं विचारलंत ना. भूक मरत नाही, ती लागते पण लवकर भागते. आमच्याकडे सकाळी पोदेर म्हणजे पाववाला येतो, मी रोज तीन पोय (गोव्याचे पाव) घ्यायचो भाजीबरोबर. पहिल्या इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी दीड पोय खाल्ली आणि हात आपोआप थांबला, ताटात उरलेली अर्धी मी बघत बसलो कारण आयुष्यात कधी पोय उरवली नव्हती. आणि तुम्ही जे लिहिलंय ना भांडी घासताना चारच्या चहाचा विचार, तो आवाज गेला. मला वाटायचं मी हावरट आहे. डॉक्टरांनी समजावलं की जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-वन नावाचं हार्मोन सुटतं जे मेंदूला सांगतं की झालं आता, हे औषध त्याच्यासारखंच काम करतं, शिवाय मौंजारोतलं टिर्झेपाटाईड जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं, आणि पोटातलं अन्न खाली सरकायला वेळ लागतो म्हणून भरल्यासारखं वाटतं. तेव्हा तोंड आवर म्हणणाऱ्यांचं मनाला लावून घेऊ नका हो.

आता त्रासाचं. मळमळ होते, विशेषतः डोस वाढवला की पुढचे दोन-तीन दिवस. २.५ चार आठवडे, मग ५. मला ५ वर त्रास झाला म्हणून डॉक्टरांनी तीन महिने तिथेच ठेवलं, पुढे ढकललं नाही, आणि ते बरं झालं. तळलेलं सोसत नाही. चतुर्थीला खतखतें आणि एक पातोळी खाल्ली ती व्यवस्थित बसली, पण रात्री पाहुण्यांबरोबर दोन नेवऱ्या आणि भजी खाल्ली तर पहाटेपर्यंत ओकत होतो. मासळीच्या वासाचं प्रत्येकाचं वेगळं, मला रवा लावून तळलेलं नको वाटायचं पण हुमण-शीत (माशाची आमटी आणि भात) चाललं. पोट साफ होत नाही, पाणी भरपूर पिणं आणि इसबगोल हे माझं रोजचं झालंय.

एक चूक माझी झाली ती तुम्ही करू नका. भूक नाही म्हणून पहिले तीन महिने मी पेज आणि लोणच्यावर दिवस काढले, वजन भराभर उतरलं, मी खूश. मग एकदा नारळाचं पोतं उचलायला गेलो जे मी गेल्या वर्षी एकट्याने टेम्पोत टाकलं होतं, ते गुडघ्याच्या वर येईना. चरबीबरोबर स्नायूही गेले होते. आता ताटात आधी अंडी, बांगडा, मूग, चणे, आणि पोटात जागा उरली तर भात. आठवड्यात तीन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम. पोतं आता परत उचलतो.

खर्च मोठा आहे. सुरुवातीला, २०२५ मध्ये, २.५ ची एक व्हायल ३,५०० आणि ५ ची ४,३७५, म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. हिशेब घरात आधी बसून करा.

मडगावची टीचर

बार्देशी भाऊंनी चांगली बाजू लिहिली, मी बंद केल्यावरची लिहिते कारण ती कोणी लिहीत नाही.

मला डायबिटीस आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत मी लिराग्लुटाईड सुरू केलं, ह्याच कुटुंबातलं पण जुनं, ते रोज टोचावं लागतं. ८६ ची ७७ झाले. साड्यांचे ब्लाऊज सगळे आत घेतले. ऑक्टोबरात मुलाची इंजिनीअरिंगची फी आली, घराचा हप्ता होताच, म्हटलं आता वजन उतरलंय तर थांबवू, आणि मी डॉक्टरला न विचारता थांबवलं. दोन आठवड्यांत भूक परत आली, आणि पूर्वीपेक्षा जास्त आल्यासारखी वाटली. शाळेत मधल्या सुट्टीत डबा संपवून मी कँटीनमध्ये उभी. आज वजन ८३ आहे. शुगरही परत वर.

नंतर मी वाचलं आणि डॉक्टरांनीही सांगितलं की हे माझं एकटीचं नाही. सेमाग्लुटाईड म्हणजे ह्याच कुटुंबातलं आणखी एक औषध, त्याच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं होतं, आणि औषध, व्यायाम-सल्ला सगळं थांबवून वर्ष झाल्यावर त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. बीपीची गोळी थांबवली की बीपी चढतं तसंच आहे हे, तुम्ही बीपीची गोळी तीन वर्षं घेताय तर तुम्हाला पटेल. तेव्हा बाय, पहिली सुई घ्यायच्या आधी डॉक्टरला विचार की एक वर्षाने काय, दोन वर्षांनी काय, पैसे कमी पडले तर डोस कमी करून चालतो का. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

पैशाचं थोडं बरं होईल असं दिसतंय. वेगोव्ही म्हणजे सेमाग्लुटाईडचंच इंजेक्शन, त्याची किंमत नोव्हेंबर २०२५ मध्ये उतरवली, सुरुवातीचा डोस महिन्याला १७ हजारांवर होता तो १०,८५० च्या आसपास आला, आणि सेमाग्लुटाईडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, त्यानंतर इथल्या कंपन्यांना काढता येतं. ते स्वस्तात मिळायची मी वाट बघतेय.

औषधवाला डिचोली

मी फार्मसीत काम करतो, बारा वर्षं झाली. ताई, जिमवाल्याचं आधी मनातून काढून टाका. ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसतात. नकली सेमाग्लुटाईडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये सगळ्या देशांना इशारा दिला होता. आणि समजा माल खरा असला तरी तो कुठल्या उन्हात किती वेळ पडला होता हे तुम्हाला कोण सांगणार? आमच्याकडे एक गृहस्थ कुठून तरी आणलेली बाटली दाखवायला आले, खोक्यावरची बॅच आणि बाटलीवरची बॅच वेगळी. मी घेऊ नका म्हटलं, ते रागावून गेले, पण घेऊ नका हेच बरोबर होतं.

ठेवायचं कसं ते लिहितो कारण गोव्यात हे महत्त्वाचं आहे. फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्री, मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि फ्रीझरजवळ तर नाहीच, एकदा गोठलं की टाकूनच द्यायचं. मौंजारोची व्हायल बाहेर ठेवायची झाली तर ३० डिग्रीच्या आत आणि जास्तीत जास्त २१ दिवस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी घरातसुद्धा तीसच्या वर जातं आणि जूनमध्ये पहिल्या पावसात वीज गेली की कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. म्हणून लागेल तेवढंच घ्या, तीन महिन्यांचा साठा करू नका. दुकानातून नेताना बर्फाच्या पॅकमध्ये मागून घ्या पण बाटली बर्फाला चिकटून नको.

दुसरं, आमच्या काउंटरवर लग्नाआधी चार किलो कमी करायचेत म्हणून विचारणाऱ्या मुली येतात. हे त्यांच्यासाठी नाही. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत बीपी-शुगरसारखं काही असेल तर. तुमचं दोन्हीकडून बसतं. पण आपल्या राज्यात गरज किती आहे बघा, आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात डायबिटीसमध्ये गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. आजच्या किमतीला ह्यातल्या किती जणांना हे परवडणार, मला रोज काउंटरवर उभं राहून हाच प्रश्न पडतो.

अंत्रुजकरीण

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, सासूबाईंना वाचून दाखवलं. भावाला पण नाही म्हणून सांगितलं. एक विचारायचं राहिलं, मला थायरॉईडची गोळी पण आहे, रोज सकाळी उपाशीपोटी. कुठेतरी वाचलं की थायरॉईडवाल्यांनी हे घ्यायचं नाही, ते वाचून परत पोटात गोळा आला.

औषधवाला डिचोली

ताई, हा घोळ बऱ्याच जणींचा होतो. तो इशारा थायरॉईडच्या एका विशिष्ट कॅन्सरबद्दल आहे, मेड्युलरी म्हणतात, तो स्वतःला किंवा घरात रक्ताच्या नात्यात कोणाला झाला असेल, किंवा एमईएन-२ नावाचा आनुवंशिक आजार असेल तर हे औषध द्यायचं नाही. थायरॉईड कमी असणं आणि रोजची गोळी हे वेगळं. तरी डॉक्टरला सांगाच, वजन उतरलं की गोळीचा डोससुद्धा बघावा लागतो. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का तेही सांगायचं. आणि पोटात जोरात दुखून पाठीकडे जात असेल, थांबत नसेल, तर घरी ओवा खात बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

काणकोणची लेक

माझ्या आईचं लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आई ६४ वर्षांची, डायबिटीसची ग्लिमेपिराईड नावाची गोळी चालू होती, त्यावर हे इंजेक्शन सुरू झालं. जुनी गोळी कमी करायची असते हे आमच्या लक्षात आलं नाही आणि डॉक्टरांचंही राहून गेलं. चौथ्या आठवड्यात संध्याकाळी दिवा लावायला गेली आणि वातीला काडी लागेना, हात थरथरत होते, कपाळावर घाम, मला ओळखत होती पण बोलणं लागत नव्हतं. मशीन लावलं तर शुगर ५२. साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत बघितली, मग पेज. जेवण निम्म्यावर आलेलं आणि गोळी तीच जुनी, दुसरं काय होणार. आता ती गोळी बंद केलीय, आई बरी आहे, ११ किलो उतरले, गुडघे दुखणं कमी झालंय आणि देवळाच्या पायऱ्या आता धरून धरून चढत नाही.

नोव्हेंबरात तिच्या पित्ताशयात खडे निघाले. वजन लवकर उतरलं की होतात असं सांगितलं. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आम्ही आठवणीने सांगितलं की हे इंजेक्शन चालू आहे, कारण रात्रभर उपाशी राहिलं तरी पोटात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलीत ते वर आलं तर धोका. दाताच्या दवाखान्यात गेलात तरी भूल असेल तर सांगा.

अंत्रुजकरीण

काल परत डॉक्टरकडे जाऊन आले, ह्यावेळी वहीत प्रश्न लिहून नेले. मडगावच्या बाईंचा प्रश्न पहिला विचारला. डॉक्टर म्हणाले किमान वर्षभर धरून चला, मग डोस कमी करून बघू, पण बऱ्याच जणांना कमी डोसवर चालू ठेवावं लागतं, आणि हे आधी सांगायला हवं होतं हे त्यांनी मान्य केलं. नवऱ्याबरोबर बसून वर्षाचा हिशेब मांडला, सोन्याची भिशी ह्या वर्षी बंद करायची ठरलं. घरात कॅन्सर कोणाला नाही. बीपी घरी आठवड्यातून दोनदा बघायचं, वजन उतरलं की ती गोळी कमी होऊ शकते.

जत्रेचं मी ठरवलंय, ती झाली की मग. पाहुण्यांचं सगळं माझ्याच हाताने होणार, त्या दिवसांत मळमळ नको. लेक म्हणाली आई यंदा जत्रेतलं खाजं माझ्यासाठी पण आण, मी म्हटलं दोघींना मिळून एकच पुडी आणते.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण आज सकाळी बघितलं तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यातलं दह्याचं भांडं आणि लोणच्याची बरणी त्यांनी खालच्या कप्प्यात ठेवून तिथली जागा पुसून ठेवलीय.