ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये घरची पेल एल बिअर: तापमान कसं आटोक्यात ठेवता?

बाष्पक:
मंडळी, पाच गॅलन (१९ लिटर) पेल एल लावायची आहे. यीस्ट यूएस-०५ (स्वच्छ चवीचं, नेहमीचं कोरडं एल यीस्ट). घरात एसी ७७ फॅरनहाइटवर, म्हणजे २५ सेल्सिअस. त्याखाली नेला तर बिल बघून बायको मलाच बादलीत घालेल. गेल्या खेपेला कपाटात बिअर आंबवायला ठेवलेल्या बादलीवरची थर्मामीटर-पट्टी ८३ फॅरनहाइट (२८ सेल्सिअस) दाखवत होती आणि बिअरला असा उग्र झणका की दोन घोटांत डोकं धरलं. दुसऱ्या फ्रीजला जागा नाही. काय करता?

फिनिक्सवाला:
पसरट टबात पाणी, बादलीला ओला टी-शर्ट, समोर टेबलफॅन. काम फत्ते.

जुना_गाळप:
फिनिक्सची हवा कोरडी म्हणून जमतं हो. ह्यूस्टनच्या दमट हवेत तेवढं उतरणार नाही, बाकी टी-शर्टाला कुबट वास.

बाष्पक, खोली २५ म्हणजे बादली २५ नव्हे. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं, ऐन भरात आतलं तापमान ३-५ अंश सेल्सिअस वर जातं. तुमची पट्टी तेच सांगत होती. झणका फ्यूजल अल्कोहोलचा (गरम यीस्ट बनवतं ती उग्र, जड अल्कोहोलं), आणि ती मुख्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, यीस्ट वाढत असताना तयार होतात. तेवढे दिवस सांभाळलेत की निम्मी लढाई जिंकलीत.

कोल्डड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये टाका (काठोकाठ भरल्या तर फुटतात). खोल टबात बादली, आतल्या वर्टच्या (अजून न आंबलेल्या गोड बिअर-रसाच्या) पातळीपर्यंत पाणी. सकाळी एक बाटली, रात्री एक. दीड किलो बर्फ वितळताना १२० किलोकॅलरी खातो. टब-बादली मिळून ५० लिटर धरलं तर तापमान सुमारे अडीच अंश उतरतं. एवढं पाणी हळूच तापतं, रात्री उठावं लागत नाही.

आणि यीस्ट टाकण्याआधीच वर्ट १८ला आणा. तुमच्याकडे उन्हाळ्यात नळालाच कोमट पाणी, त्यामुळे उकळलेला वर्ट थंड करणारी, नळाचं पाणी फिरवायची कॉइल एका मर्यादेपुढे हात टेकते. तिथून पुढे बर्फाचा टब.

मिसळपाव_आणि_हॉप्स:
एवढा खटाटोप कशाला? व्हॉस क्वाइक घ्या. नॉर्वेच्या शेतघरांतलं यीस्ट, ३५-४०लाही खूश.

जुना_गाळप:
उत्तम यीस्ट, पण संत्र्याची झाक येते. साधी, स्वच्छ पेल एल हवी असेल तर यूएस-०५च.

बाष्पक:
बाटल्या दोन आठवडे बदलत बसायचं? आणि पट्टी तर पाण्याखाली जाणार!

जुना_गाळप:
छे! चौथ्या-पाचव्या दिवशी फेस बसायला लागला की बर्फ बंद, बादली बाहेर. तेव्हा खोलीची ऊब उलट हवीच: यीस्ट उरलेली साखर संपवतं आणि डायअसिटिलही, तो पॉपकॉर्नच्या लोण्यासारखा वास, स्वतःच गिळतं. तोवर पट्टी विसरा, ती टबाचंच तापमान दाखवेल. साधा थर्मामीटर पाण्यात सोडा आणि १७-१८ राखा. आत थोडं जास्तच असणार. बिअर बाटल्यांत भरण्याआधी हायड्रोमीटर (साखर किती उरली ते सांगणारं घनतामापक) तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा देतोय ना, ते मात्र बघा.